परग्रहावरच्या शेतीत यायचंय? आधी हवेचा हिशोब शिका

विद्यार्थ्यांकडून मला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो: "मंगळावर शेती करण्याच्या क्षेत्रात काम करायचंय, त्यासाठी काय शिकू?" बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काचेचा घुमट, लाल माती आणि त्यात डोलणारं हिरवं पीक असतं. ते चित्र मलाही आवडतं. त्याच ओढीने मी या कामात आले. पण उत्तर लिहिताना मी पिकापासून सुरुवात करत नाही. एका माणसाच्या एका दिवसापासून करते.

एक माणूस दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन वापरतो आणि जवळपास १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. पिण्याचं आणि अन्नातलं मिळून त्याला अडीच-तीन लिटर पाणी लागतं, धुण्यापुसण्याचं वेगळं. अन्नाचं निव्वळ कोरडं वजन ०.६ किलोच्या आसपास; पण अन्नातलं पाणी आणि वेष्टन धरलं की ते १.८ किलोवर जातं. मंगळावर जाऊन परत यायला तीन वर्षांच्या आसपास वेळ लागतो. चार माणसं आणि हजारच दिवस धरले, तरी नुसतं अन्न ७ टनांच्या वर भरतं. हे आकडे तोंडपाठ ठेवा. या क्षेत्रातल्या कुठल्याही बैठकीत, कुठल्याही शोधनिबंधात, शेवटी सगळे याच आकड्यांपाशी येऊन थांबतात.

माझं मूळ शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. पानं वायूंची देवाणघेवाण कशी करतात हा माझ्या संशोधनाचा विषय होता. बंदिस्त चेंबरमधल्या पिकांवर काम करणाऱ्या गटात आले तेव्हा आजूबाजूला रसायन अभियंते, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, नियंत्रण प्रणालीवाले, एक आहारतज्ज्ञ अशी सगळी मंडळी होती. रोपांबद्दल बोलणारी मी जवळपास एकटीच. तिथे मला जे उमगलं ते मी प्रत्येक नवख्याला सांगते: या कामात रोप हा नायक नाही. माणूस, रोप, सूक्ष्मजीव आणि यंत्र यांच्यात कार्बन, ऑक्सिजन, पाणी आणि नायट्रोजन फिरत राहतात, आणि ते फिरणं कुठेही अडू नये किंवा गळू नये, हे आपलं काम. घरखर्चाच्या वहीत जमा आणि खर्च जुळवावे लागतात तसं. फरक एवढाच की इथे वहीत फरक निघाला तर कुणाचा तरी श्वास अडतो.

रोपाची स्पर्धा यंत्राशी आहे

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरची आजची व्यवस्था आधी नीट समजून घ्या, कारण रोपांना काम मिळवायचं असेल तर ते या व्यवस्थेपुढे उभं राहून मिळवावं लागेल. तिथे मूत्र, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून पुन्हा पिण्याचं पाणी केलं जातं. २०२३ मध्ये या प्रक्रियेने ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला. ऑक्सिजन पाण्याच्या विद्युत् विघटनातून येतो. त्यात उरणारा हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून पाणी आणि मिथेन बनवणारं साबातिये अभिक्रियेचं यंत्रही तिथे वापरलं गेलं. त्यातला मिथेन बाहेर सोडून दिला जायचा, म्हणजे त्यातला हायड्रोजनही हातचा गेला. वहीतली ही गळती लक्षात ठेवा, पुढे अशा बऱ्याच भेटतील.

हवा आणि पाणी यांच्या बाबतीत यंत्रं इतकी पुढे गेली आहेत. एक गोष्ट मात्र कुठलंही यंत्र अजून करत नाही, ती म्हणजे सांडपाणी आणि उच्छ्वासातून जेवणाचं ताट तयार करणं. स्थानकावरचं जवळजवळ सगळं अन्न पृथ्वीवरून जातं. मंगळ मोहिमेसाठी अन्न पाच वर्षं टिकायला हवं अशी अपेक्षा धरली जाते, आणि तेवढ्या काळात साठवलेल्या अन्नातली क आणि ब१ ही जीवनसत्त्वं घटत जातात. म्हणून पहिल्या टप्प्यात रोपांकडून पोटभर जेवणाची अपेक्षा नाही. ताज्या पानांतून आणि फळांतून जीवनसत्त्वं मिळावीत आणि तेच ते पाकिटातलं अन्न खाऊन आलेला कंटाळा मोडावा, एवढीच आहे. १० ऑगस्ट २०१५ रोजी स्थानकावरच्या अंतराळवीरांनी 'व्हेजी' नावाच्या छोट्या उपकरणात वाढवलेलं लाल रोमेन लेट्यूस खाल्लं, ते याच वाटेवरचं पाऊल. २०२१ मध्ये तिथेच, 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लांट हॅबिटॅट' या मोठ्या उपकरणात, मिरच्या पिकल्या.

"मग सगळं अन्नच तिकडे का नाही पिकवायचं?" असं विचारणाऱ्यांना मी एक छोटं गणित करायला लावते. एका माणसाचा पूर्ण आहार पिकवायला भरपूर प्रकाशात साधारण ४० ते ५० चौरस मीटर लागवड लागते. त्याच्यापुरता ऑक्सिजन मिळवायचा तर त्याच्या निम्मी पुरते. आता प्रकाश घ्या. चांगले एलईडी एक जूल विजेमागे ३ मायक्रोमोलच्या (हे प्रकाशकण मोजायचं एकक) आसपास प्रकाशकण देतात. प्रत्येक चौरस मीटरवर सेकंदाला ५०० मायक्रोमोल द्यायचे तर १६७ वॉट झाले. ५० चौरस मीटरला ८ किलोवॉटहून जास्त. हे एका माणसाचं. आणि यातली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते, ती बाहेर टाकायला वेगळी यंत्रणा लागते. चंद्रावर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांची रात्र असते. मंगळावर पोहोचणारा सूर्यप्रकाश पृथ्वीच्या कक्षेतल्या प्रकाशाच्या ४३ टक्के, त्यातही धुळीची वादळं. हे गणित मांडून झालं की विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची दिशा बदलते. "कुठलं पीक छान वाढेल?" याऐवजी "एका वॉटमागे आणि एका घनमीटरमागे सर्वांत जास्त काय मिळेल?" असं ते विचारू लागतात. तिथून पुढे खरं शिक्षण सुरू होतं.

जे उघड्या शेतात कधी दिसत नाही

मीर या रशियन अवकाश स्थानकावरचा गव्हाचा प्रयोग मी प्रत्येक नव्या मुलामुलीला वाचायला देते. १९९६-९७ मध्ये तिथे 'सुपर ड्वार्फ' जातीचा बुटका गहू वाढवला. रोपं उभी राहिली, ओंब्या आल्या, आणि त्यांत एकही दाणा भरला नाही. संशयाचं बोट आधी गुरुत्वाच्या अभावाकडे गेलं होतं. पण कारण निघालं एथिलीन. हा वायू रोपं स्वतः सोडतात, बुरशीही सोडते. शेतात वाऱ्याबरोबर तो निघून जातो. बंद स्थानकात तो साठत गेला आणि परागकण वांझ झाले. जमिनीवर एथिलीन देऊन केलेल्या चाचण्यांत गव्हाला तसाच वांझपणा आला. पुढे १९९८-९९ मध्ये यूटा स्टेट विद्यापीठात तयार झालेल्या 'अपोजी' जातीच्या गव्हाने मीरवर दाणे दिले.

मला हा प्रयोग इतका महत्त्वाचा वाटतो, कारण कृषी किंवा वनस्पतिशास्त्र शिकून आलेल्या माणसाला हवा ही मोजायची गोष्ट आहे याची सवयच नसते. आपण माती मोजतो, पाणी मोजतो, खत मोजतो, हवा असतेच. बंदिस्त खोलीत हवा हीच सर्वांत चंचल. चेंबरमधलं पीक जोमात असेल तर दिवे लागल्यावर कार्बन डायऑक्साइड बघता बघता खाली येतो, दिवे गेले की पुन्हा चढतो. स्थानकावर त्याची पातळी ३००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३००० भाग) घरात असते, पृथ्वीवर ४२० च्या आसपास. जास्त कार्बन डायऑक्साइड म्हणजे जास्त वाढ हे पुस्तकातलं वाक्य एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. फार वरच्या पातळीवर काही पिकांची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, उलट जास्त उघडी राहतात आणि रोप पाणी उडवत बसतं.

दुसरी गोष्ट बायोस्फिअर २ ची. अ‍ॅरिझोनातल्या ओरॅकल गावाजवळ १.२७ हेक्टरची ती काचबंद वास्तू. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली. आत शेत होतं, पर्जन्यवन होतं, छोटासा समुद्र होता. रोपं वाढत होती, माणसं पिकवून खात होती, आणि ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून हळूहळू १४.५ टक्क्यांच्या आसपास उतरला. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. शेतीसाठी आत भरपूर सेंद्रिय माती भरली होती. तिच्यातले सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाऊन ऑक्सिजन संपवत होते. पण मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता, तो तितका वाढला नव्हता. तो गेला कुठे? संशोधकांनी कार्बनच्या समस्थानिकांचा माग काढला, तेव्हा तो वास्तूच्या उघड्या काँक्रीटमध्ये सापडला. काँक्रीटने तो शोषून कॅल्शियम कार्बोनेट केला होता.

या प्रकल्पाला 'फसलेला' म्हणून मोकळे होणारे लोक मला भेटतात, आणि मी त्यांच्याशी दरवेळी वाद घालते. भिंतसुद्धा हिशोबात धरावी लागते, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या प्रयोगाने दाखवलंय? आमच्या चेंबरच्या बांधणीत प्रत्येक गॅस्केट, प्रत्येक नळी, रंगाचा प्रत्येक थर काय शोषतो आणि काय सोडतो याची यादी ठेवली जाते, ती या अनुभवामुळेच.

म्हणूनच आमच्याकडे नवीन आलेल्याला पहिले काही आठवडे एकही रोप हाती देत नाहीत. रिकामं चेंबर देतात. ते बंद करायचं, त्यात मोजून कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि तो किती वेगाने घटतो ते बघायचं. बाहेरचा हवेचा दाब बदलला की गळतीचा वेग बदलतो, खोलीचं तापमान बदललं की आतला दाब बदलतो, सेन्सरचे आकडे कालांतराने सरकतात आणि ते ज्ञात मापाशी पुन्हा जुळवावे लागतात. हे सगळं आकड्यांत बसवल्याशिवाय पुढे रोप किती श्वास घेतंय हे सांगताच येत नाही. काहींना हे कंटाळवाणं वाटतं. ज्यांना त्यात गोडी लागते ते या क्षेत्रात टिकतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता ते मी आधीच सांगून टाकते.

आणखी एक बारकावा, जो पहिल्यांदा कळला तेव्हा मी बराच वेळ वहीवर आकडे मांडत बसले होते. गव्हाचं रोप वाढताना ऑक्सिजन देतं खरं, पण त्याच्या वजनातला अर्धाअधिक भाग काड, पानं, मुळं असा न खाण्याजोगा. तो कुजवला किंवा जाळला तर तो बनताना मिळालेला तेवढाच ऑक्सिजन परत खर्च होतो. नाही कुजवला तर त्यातला कार्बन आणि खनिजं अडकून पडतात आणि पुढच्या पिकाला मिळत नाहीत. म्हणजे कचऱ्याचं काय करायचं हे ठरल्याशिवाय ऑक्सिजन किती मिळणार हे ठरतच नाही. हा एक मुद्दा ज्याला पुरता समजला, त्याला जीवनाधार प्रणाली (माणसाला हवा, पाणी आणि अन्न पुरवत ठेवणारी व्यवस्था) म्हणजे काय ते निम्मं समजलं असं मी मानते.

कचऱ्याकडे वळा, तिथे माणसं कमी आहेत

नवखे लोक बहुतेक रोपांकडे किंवा मंगळाच्या मातीकडे ओढले जातात. माझा मनापासूनचा सल्ला: कचरा, मूत्र आणि सूक्ष्मजीव या बाजूला एकदा तरी बघा. युरोपीय अवकाश संस्थेचा 'मेलिसा' प्रकल्प १९८९ पासून याच प्रश्नावर उभा आहे. त्याची रचना एखाद्या तळ्याच्या परिसंस्थेवरून घेतलेली, पण वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली. एका कप्प्यात ऑक्सिजनविरहित उष्ण वातावरणात जिवाणू कचरा फोडतात, पुढच्यात प्रकाशावर जगणारे जिवाणू त्यातली सेंद्रिय आम्लं वापरतात, तिसऱ्यात नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, चौथ्यात स्पिरुलिना म्हणून ओळखलं जाणारं सायनोबॅक्टेरियम आणि हिरवी पिकं, आणि पाचवा कप्पा म्हणजे माणसं. बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठात त्याचा प्रायोगिक कारखाना आहे.

यातला एकच धागा ओढून दाखवते. मूत्रात नायट्रोजन भरपूर, पिकाला तोच हवा. पण सोबत सोडियम येतं. माणसाला मीठ लागतं, बहुतेक पिकांना सोडियमची गरज नसते. चक्र जितकं घट्ट बंद कराल तितकं ते पोषकद्रावणात साठत जाईल. बाहेर काढायचं तर यंत्र, वीज आणि सुटे भाग हवेत. क्षारप्रिय वनस्पती लावायच्या तर त्यांना जागा आणि प्रकाश द्यावा लागतो. या एका क्षारापायी रसायन अभियंता, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ तासन् तास एका टेबलाशी बसलेले मी पाहिलेत. तुमचं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं किंवा सांडपाणी प्रक्रियेचं असेल, तर तुम्ही बाहेरचे आहात असं अजिबात समजू नका.

माणसांना आत ठेवून केलेले मोठे प्रयोगही वाचा. सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कमध्ये १९७२ मध्ये बांधलेलं बायोस-३ हे ३१५ घनमीटरचं बंद घर. १९७२-७३ मध्ये त्यात १८० दिवसांचा प्रयोग झाला. तेलासाठी तिथे चुफा नावाचं कंदपीक लावलं होतं. बीजिंगच्या बेइहांग विद्यापीठातल्या 'युएगोंग-१' मध्ये मे २०१७ ते मे २०१८ असे ३७० दिवस स्वयंसेवकांचे दोन गट आळीपाळीने राहिले. पिकांचा न खाण्याजोगा भाग तिथे पिवळ्या अळ्यांना घातला जायचा आणि त्या अळ्या प्रथिनं म्हणून खाल्ल्या जायच्या.

पाणी, बुरशी आणि माती

गुरुत्व नसताना पाणी खाली जात नाही. ते मुळांना, कपड्याला, मिळेल त्या पृष्ठाला चिकटून राहतं. मुळांभोवती पाण्याचं जाड आवरण झालं की त्यांना ऑक्सिजन मिळेनासा होतो. उलट बाजूला माध्यम कोरडं राहतं. गरम हवा वर जात नसल्यामुळे पंखा नसेल तर पानाभोवतीची हवाही जागची हलत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये स्थानकावरच्या झिनिया या फुलझाडाच्या रोपांवर जादा ओलाव्यामुळे बुरशी आली. पंख्याचा वेग वाढवला, तर रोपं सुकू लागली. तेव्हा स्थानकावरचे अंतराळवीर स्कॉट केली यांनी जमिनीवरच्या पथकाला सांगितलं की पाणी कधी द्यायचं ते मला रोप बघून ठरवू द्या. पथकाने त्यांना एका पानाची मार्गदर्शिका पाठवली आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. जानेवारी २०१६ मध्ये फूल उमललं. उपकरणाची रचना करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी: रोपाजवळ असलेल्या माणसाच्या डोळ्यांना व्यवस्थेत जागा ठेवा.

सूक्ष्मगुरुत्व जमिनीवर आणता येत नाही. पॅराबोलिक उड्डाणात, म्हणजे विमान कमानीसारख्या वाटेने वर-खाली नेलं की, २० सेकंदांच्या आसपास मिळतं. क्लिनोस्टॅटवर रोप फिरवत ठेवलं तर त्याला 'खाली' कुठे ते कळत नाही, पण पाणी आणि हवा गुरुत्वानेच वागत राहतात. क्लिनोस्टॅटवरच्या निकालांवरून अवकाशाबद्दल दावे करताना म्हणून फार जपून लिहा. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

मातीबद्दल थोडक्यात. चंद्र आणि मंगळावर आपल्या अर्थाने माती नाही, रेगोलिथ आहे: दगडाचा चुरा, सेंद्रिय पदार्थ शून्य. मंगळाच्या रेगोलिथमध्ये अर्धा ते एक टक्का पर्क्लोरेट (क्लोरीनयुक्त क्षार) आहे, ते थायरॉइडला घातक. फीनिक्स यानाने ते २००८ मध्ये शोधलं. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने अपोलो ११, १२ आणि १७ मोहिमांनी आणलेल्या खऱ्या चांद्र रेगोलिथमध्ये अ‍ॅरॅबिडॉप्सिस ही प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी छोटी वनस्पती उगवून दाखवली. बी रुजलं, पण रोपं खुरटली आणि त्यांच्या जनुकांवर ताणाच्या खुणा स्पष्ट दिसल्या. 'सिम्युलंट' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कृत्रिम रेगोलिथमध्ये पर्क्लोरेट मुळात घातलेलंच नसतं. त्यात मुळा उगवला म्हणून मंगळावर मुळा उगवेल असं होत नाही. माझं मत असं की पहिली बरीच वर्षं पिकं पोषकद्रावणावरच वाढतील. रेगोलिथचं काम गरजेचं आहेच, पण त्यात यायचं तर भूरसायनशास्त्र पक्कं करून या.

आत कसं यायचं

'अवकाश शेती' या नावाची पदवी शोधत वर्षं घालवू नका. एक विषय खोलवर शिका: वनस्पती शरीरक्रियाशास्त्र, रसायन अभियांत्रिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, नियंत्रण प्रणाली, अन्नशास्त्र, यांपैकी काहीही. मग शेजारच्या विषयाची भाषा बोलता येईल एवढं शिका. वनस्पतीवाल्यांनी वस्तुमानाचा ताळेबंद, सेन्सर आणि थोडं प्रोग्रामिंग. अभियंत्यांनी प्रकाशसंश्लेषण, बाष्पोत्सर्जन आणि रोप आजारी दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं ते. मला नियंत्रणशास्त्र शिकायला वेळ लागला, पण त्यानंतर बैठकीत माझं म्हणणं वेगळ्या कानांनी ऐकलं जाऊ लागलं.

वाचायला पैसे लागत नाहीत. नासाचा तांत्रिक अहवालांचा संग्रह सर्वांना खुला आहे. त्यातला जीवनाधार प्रणालींच्या मूळ आकड्यांचा आणि गृहीतकांचा दस्तऐवज आधी उतरवून घ्या. माणसाच्या दिवसाचे आकडे तिथे तपशिलात आहेत. पर्यावरणीय प्रणालींवरच्या वार्षिक आंतरराष्ट्रीय परिषदेतले निबंधही मोफत मिळतात आणि त्यांत काय बिघडलं हे मोकळेपणाने लिहिलेलं असतं. नासाच्या खुल्या विज्ञान विदा भांडारात अवकाशात गेलेल्या रोपांच्या जनुकीय नोंदी आहेत, आणि त्यांचं विश्लेषण करणाऱ्या गटांत जगभरातले विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून सामील होऊ शकतात. संगणकावर हात बसलेला असेल तर प्रयोगशाळेशिवाय सुरुवात करण्याची ही सर्वांत चांगली वाट.

राष्ट्रीयत्वाचा प्रश्न आधीच समजून घ्या. बहुतेक अवकाश संस्था कायम नोकरीसाठी आपल्या किंवा सदस्य देशांच्या नागरिकांनाच घेतात. विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांना सहसा तशी अट नसते, आणि या क्षेत्रातलं बरंच काम तिथेच होतं. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्यांच्याकडे चालू स्थितीतलं चेंबर आहे का, आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हे विचारा. बंदिस्त शेतीच्या उद्योगातून येणारी वाटही चांगली: दिवे, पोषकद्रावण, आर्द्रता यांचा रोजचा सराव तिथे होतो, आणि अवकाशाच्या पदासाठी जागा निघेपर्यंत हाताला काम राहतं. अंटार्क्टिकावरच्या नॉयमायर-३ तळाजवळ २०१८ मध्ये चालवलेल्या 'ईडन आयएसएस' हरितगृहात १२.५ चौरस मीटरवर साडेनऊ महिन्यांत २६८ किलो भाजी निघाली. ते हरितगृह चालवायला लागलेली कौशल्यं याच प्रकारची होती.

स्वतःचा प्रयोग लहान असला तरी चालतो. मायामीच्या फेअरचाइल्ड वनस्पती उद्यानाने नासाबरोबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात शाळकरी मुलं व्हेजीसारख्या खोक्यात भाज्यांच्या जाती तपासतात, आणि त्यांनी तपासलेल्या जातींपैकी 'ड्रॅगून' लेट्यूस आणि बुटकं पाक चोय पुढे खरोखर स्थानकावर गेलं. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० बरोबर पाठवलेल्या 'क्रॉप्स' या छोट्या पेटीत चवळीच्या आठ बिया होत्या; त्या चौथ्या दिवशी रुजल्या. त्या पेटीत कॅमेरा, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची मोजणी, आर्द्रता, तापमान आणि ओलाव्याचे सेन्सर होते. अशी मोजणी असलेलं बंद खोकं महाविद्यालयातही बनवता येतं. एक बुटकी जात घ्या. किती वीज गेली, किती पाणी उडालं, खाण्याजोगं वजन किती आणि एकूण किती, एवढं पेरणीपासून कापणीपर्यंत लिहून ठेवा. द्रावणाचा सामू (पीएच) रोज मोजा: रोप नायट्रेट घेत असेल तर तो चढतो, अमोनियम घेत असेल तर उतरतो, आणि त्यावरून मुळं काय करतायत ते कळतं.

आमच्या गटात निवड करताना मी एक प्रश्न हमखास विचारते. बंद चेंबर आहे, रोपं हिरवीगार आहेत, दिवे वेळेवर लागतात, तरी ऑक्सिजन दर आठवड्याला थोडा थोडा घटतोय, काय तपासाल? बरेच जण लगेच रोपांकडे धावतात. मला आवडतं ते उत्तर असं सुरू होतं: आधी सेन्सर खरं बोलतोय का ते बघेन, मग गळती, मग त्याच काळात कार्बन डायऑक्साइड किती वाढला ते. तो तेवढाच वाढला असेल तर द्रावणाच्या टाकीत किंवा मुळांत काहीतरी कुजतंय. वाढला नसेल तर तो कशात तरी शोषला जातोय. असं पायरी पायरीने बोलणाऱ्या उमेदवाराची पदवी कुठल्या विषयाची आहे ते मी नंतर बघते.

आणि प्रयोगशाळेला पहिलं पत्र लिहाल तेव्हा अवकाशाची ओढ एका ओळीत सांगा, बाकी जागा मोजमापाला द्या. तुमच्या खोक्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा आठवड्याभराचा आलेख जोडा. मध्ये नोंदी तुटल्या असतील तर त्या पुसू नका, तिथे काय झालं होतं ते खाली लिहा. असा आलेख आला की मी त्याच दिवशी उत्तर देते आणि पुढच्या बोलण्याची वेळ ठरवते.